घटस्फोटानंतर पूर्वपतीच्या जीवनविम्यावरील हक्क: नॉमिनी म्हणून नाव राहिले की पुरते का?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला आहे. संमतीच्या अटींचा मसुदा आमच्या हातात आला असून पुढच्या तारखेच्या आत त्यावर होकार किंवा दुरुस्ती कळवायची आहे. मुलगी 9 वर्षांची आहे आणि ती बहिणीकडेच राहणार आहे. दरमहा 18,000 रुपये पोटगी व मुलीचा खर्च मिळून ठरले आहेत. बहिणीची स्वतःची नोकरी अर्धवेळ आहे, त्यामुळे ही रक्कम थांबली तर घर चालणार नाही.

मेहुण्यांच्या नावावर दोन पॉलिसी आहेत. एक 2014 मध्ये घेतलेली 10 लाखांची बचतीची, दुसरी 2018 मध्ये घेतलेली 75 लाखांची टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी. दोन्हींमध्ये बहीण नॉमिनी आहे. शिवाय त्यांच्या कंपनीकडून सामूहिक विमाही आहे. मसुद्यात विम्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘अर्जदार क्र. 1 हे आपल्या विमा पॉलिसींमध्ये अर्जदार क्र. 2 यांचे नाव नॉमिनी म्हणून कायम ठेवतील.’ आमचे वकील म्हणतात की एवढे पुरेसे आहे. मला मात्र या वाक्याची धास्ती वाटते, कारण उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले तर पोटगी देणारा माणूसच राहणार नाही आणि बहिणीच्या हातात हा एक कागद उरेल. हा कागद किती भार पेलेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनीशाखा

ताई, मी विमा कंपनीच्या शाखेत 31 वर्षे नोकरी केली आणि त्यातील शेवटची 12 वर्षे मृत्युदाव्यांच्या टेबलावर काढली. तुमची धास्ती खरी आहे आणि मसुद्यातले ते वाक्य अपुरे आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो.

विमा कायदा 1938 च्या कलम 39 प्रमाणे पॉलिसीधारकाला मुदत संपेपर्यंत केव्हाही, कितीही वेळा नॉमिनी बदलता येतो. त्यासाठी जुन्या नॉमिनीची सही लागत नाही आणि त्याला कळवण्याचे बंधनही कंपनीवर नाही. कंपनीच्या नोंदीत जे नाव असेल त्याला कंपनीने सद्भावनेने पैसे दिले की तिची जबाबदारी संपते. तुमच्या संमतीच्या अटींमध्ये कंपनी पक्षकार नसते, त्यामुळे त्या अटी तिला माहीत असण्याचेही कारण नाही.

एक प्रसंग सांगतो. एक बाई शाखेत आल्या होत्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांच्याकडे प्लास्टिकची एक फाइल होती. तिच्यात घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत होती, मूळ पॉलिसी बाँड होता आणि हप्त्याची एकूण एक पावती तारखेप्रमाणे टाचणी लावून ठेवलेली होती. पूर्वपती वारल्याचे त्यांना तीन आठवड्यांनी एका नातेवाइकाकडून कळले होते. मी संगणकावर पाहिले, तर नॉमिनी 11 महिन्यांपूर्वीच बदललेला होता आणि त्या नव्या नॉमिनीचा दावा मंजूर होऊन पैसेही गेले होते. बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘पण बाँड तर माझ्याकडे आहे.’ बाँड कोणाच्या कपाटात आहे याला दाव्याच्या वेळी फारसे महत्त्व नसते. बाँड हरवल्याचे सांगून हमीपत्रावर काम भागवता येते. त्यांना न्यायालयात जाण्यापलीकडे मी काहीही सुचवू शकलो नाही. ती फाइल त्यांनी बंद करून पिशवीत ठेवली, ते मला आजही आठवते.

पक्षकार_क्र_3

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. जुनीशाखा यांच्या म्हणण्याला कायद्याची बाजू जोडते.

समजा, नॉमिनी बदललेला नाही आणि बहिणीचेच नाव शेवटपर्यंत राहिले, तरी प्रश्न संपत नाही. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे आणि पैशांवरचा मालकी हक्क वारसा कायद्याप्रमाणे वारसांचा आहे. त्या प्रकरणात मृताची पत्नी नॉमिनी होती, पॉलिसी प्रत्येकी 10,000 रुपयांच्या दोन होत्या आणि मृताच्या आईने व मुलाने आपला हिस्सा मागितला होता. पुढे 2015 च्या दुरुस्तीने कलम 39 मध्ये ‘लाभार्थी नॉमिनी’ ही कल्पना आली. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर ती रक्कम त्याची स्वतःची मानावी, असा तिचा आशय आहे. या दुरुस्तीनेही वारसांचा हक्क जात नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटले आहे, त्यामुळे पत्नी असतानासुद्धा हा मुद्दा वादाच्या पलीकडे गेलेला नाही.

आता तुमच्या बहिणीची स्थिती पाहा. हुकूमनामा झाल्यावर ती ‘पत्नी’ राहत नाही. पती वारला तर ती त्याची ‘विधवा’ही नसते, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पहिल्या वर्गातील वारसांमध्ये ती बसत नाही. मुलगी बसते, त्याची आई बसते आणि त्याने दुसरे लग्न केले असेल तर ती पत्नीही बसते. म्हणजे बहिणीच्या खात्यात पैसे आले तरी ते सोडवून घेण्यासाठी इतर वारस दावा करू शकतात.

काही जण म्हणतील की पोटगीची थकबाकी झाली तर विम्यावर जप्ती आणता येईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जप्त न करता येणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि तिच्यात ऋणकोच्या स्वतःच्या जीवनविम्याखाली देय असलेली रक्कम आहे. तो मार्ग धरून बसू नका.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक अशिलाला सांगते. पोटगीच्या हप्त्याबाबत अट मोडली तर ती लगेच कळते आणि त्या माणसाला न्यायालयापुढे उभे करता येते. विम्याबाबतची अट मोडल्याचे बहुधा तो गेल्यानंतरच कळते, आणि तेव्हा अवमानाची नोटीस बजावायला समोर कोणी नसते. म्हणून विम्याची तरतूद अशी हवी की तिच्या पालनासाठी त्याच्या पुढच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागू नये.

निंबोणी

नॉमिनी बदलला नाही, तरीही माझे नुकसान झाले, म्हणून लिहीत आहे. माझ्या हुकूमनाम्यात ‘हप्ते अर्जदार क्र. 1 भरतील’ असे स्वच्छ लिहिले होते. पहिली दोन वर्षे त्यांनी ते भरलेही. नंतर नोकरी गेली, हप्ता थांबला आणि टर्म पॉलिसी बंद पडली. हप्त्याच्या सूचना त्यांच्या मोबाइलवर आणि त्यांच्या पत्त्यावर जात होत्या, त्यामुळे मला चार वर्षे काहीच कळले नाही. ते हयात आहेत, एवढेच समाधान. आता त्यांना मधुमेह आहे आणि त्या वयाला, त्या रकमेला नवी पॉलिसी परवडणारी नाही. मला वेळीच कळले असते, तर पोटाला चिमटा काढून मी स्वतः तो हप्ता भरला असता.

कृष्णाकाठ

निंबोणी, हे वाचून फार वाईट वाटले आणि तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. हप्त्याचा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता.

मग नॉमिनी या शब्दाऐवजी अटींमध्ये नेमके काय लिहायचे? आणि मुलीला नॉमिनी केले तर प्रश्न सुटेल का?

जुनीशाखा

ज्या गोष्टीने तुमचे काम होऊ शकते तिला असाइनमेंट म्हणतात, मराठी कागदपत्रांत अभिहस्तांकन. ती कलम 38 मध्ये आहे. नॉमिनेशन आणि असाइनमेंट यांत लोक नेहमी गल्लत करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नॉमिनेशनमध्ये पॉलिसी धारकाचीच राहते. असाइनमेंटमध्ये पॉलिसीतील हक्कच दुसऱ्याला दिला जातो. पॉलिसीच्या पाठीवर किंवा वेगळ्या कागदावर धारक ते लिहून देतो, खाली सही करतो आणि निदान एका साक्षीदाराची सही घेतो. त्यानंतर कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस पोहोचल्यावरच ते कंपनीवर बंधनकारक होते. नोटीस देण्यात केलेला उशीर पुढे फार महाग पडतो, कारण दोन असाइनमेंट समोर आल्या तर जिची नोटीस आधी पोहोचली तिला प्राधान्य मिळते. शेरा बाँडच्या पाठीवर असेल तर मुद्रांक लागत नाही, वेगळ्या दस्तावर असेल तर लागतो. इलेक्ट्रॉनिक पॉलिसी असेल तर पाठ नसतेच, म्हणून कंपनीचा फॉर्म वापरावा लागतो.

असाइनमेंट दोन प्रकारची असते. निरपेक्ष असाइनमेंटमध्ये पॉलिसी पूर्णपणे तुमच्या बहिणीची होईल आणि बचतीच्या पॉलिसीचे मुदतीअखेरचे पैसेही तिलाच मिळतील. मेहुणे एवढ्याला तयार होतील असे नाही. दुसरा प्रकार सशर्त असाइनमेंटचा. असाइनी, म्हणजे जिच्या नावे पॉलिसी असाइन केली ती व्यक्ती, आधी वारली किंवा धारक पॉलिसीची मुदत पूर्ण होईपर्यंत हयात राहिला, तर लाभ परत धारकाकडे किंवा त्याच्या नॉमिनीकडे जाईल, अशी अट घालता येते आणि ती वैध असल्याचे कलमातच म्हटले आहे. सशर्त असाइनीला पॉलिसीवर कर्ज काढता येत नाही आणि ती सरेंडरही करता येत नाही, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे मेहुण्यांनाही भीती वाटण्याचे कारण राहत नाही. मृत्यू झाला तर पैसे बहिणीचे, हयात राहिले तर त्यांचे स्वतःचे. विभक्त झालेल्या दोन माणसांना मान्य होईल असा याहून सरळ व्यवहार मला माहीत नाही.

असाइनमेंट नोंदली गेली की आधीचे नॉमिनेशन आपोआप रद्द होते. म्हणून ‘नॉमिनी म्हणून कायम ठेवतील’ आणि ‘असाइन करतील’ ही दोन्ही वाक्ये एकाच मसुद्यात ठेवून गोंधळ करू नका.

आता तीन खबरदाऱ्या. टर्म पॉलिसी गृहकर्जासाठी आधीच बँकेला असाइन केलेली नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. हे फार वेळा घडलेले असते आणि दोघांपैकी कोणालाच आठवत नसते. दुसरे, बहिणीचा मोबाइल आणि पत्ता असाइनी म्हणून नोंदवा, म्हणजे निंबोणी यांच्यासारखी वेळ येणार नाही. हप्त्याची सवलतीची मुदत साधारण 30 दिवसांची, मासिक हप्ता असेल तर 15 दिवसांची असते, आणि बंद पडलेली पारंपरिक पॉलिसी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून 5 वर्षांत पुन्हा सुरू करता येते, पण त्यासाठी आरोग्याचे पुरावे मागितले जाऊ शकतात. तिसरे, असाइनमेंट सद्भावनेची वाटत नसेल किंवा पॉलिसींच्या खरेदी-विक्रीचा संशय असेल, तर कंपनी ती नाकारू शकते. नकाराची कारणे तिने नोटिशीपासून 30 दिवसांत लेखी कळवली पाहिजेत. नोटिशीसोबत न्यायालयाचा आदेश जोडला तर ही शंका सहसा उरत नाही.

मुलीला नॉमिनी करण्याबद्दल: ती अल्पवयीन आहे, त्यामुळे तिच्या वतीने पैसे स्वीकारणारी व्यक्ती नेमावी लागते, तिला अपॉइंटी म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्मवर त्या रकान्यात नवऱ्याच्या भावाचे नाव असायचे. आणि मुलगी नॉमिनी झाली तरी ते नॉमिनेशनच, म्हणजे केव्हाही बदलता येणारे.

पायवाट

मी दुसऱ्या बाजूचा आहे. सात वर्षांपासून पोटगी देतो आणि एकही महिना चुकलेला नाही. माझ्याकडेही अशीच मागणी आली होती आणि मी आधी नकार दिला, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझा प्रश्न असा होता की देणे दरमहा थोड्या हजारांचे आणि उरलेली वर्षे मोजकी असताना पूर्ण 1 कोटीची पॉलिसी का अडकवायची? माझी आई माझ्यावर अवलंबून आहे. उद्या मी लग्न केले तर त्या घराचाही विचार मला करावा लागेल. पूर्वपत्नीने पुन्हा लग्न केले तर काय, हाही प्रश्न होता. विरोध हक्काला नसतो, मोजमाप नसण्याला असतो, एवढे लक्षात घ्यावे अशी विनंती आहे.

पक्षकार_क्र_3

पायवाट, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला कायद्यात जागा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर असाइनमेंट पूर्ण किंवा अंशतः करता येते. माझ्या एका प्रकरणात आम्ही मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंतची सगळी पोटगी व शिक्षणखर्च मांडला आणि तेवढ्याच रकमेपुरती असाइनमेंट घेतली. उरलेल्या रकमेसाठी त्याने आईला ठेवले. पोटगीऐवजी एकरकमी रक्कम हप्त्यांनी ठरली असेल, तर शेवटचा हप्ता मिळाल्यापासून 30 दिवसांत पूर्वपत्नीने पॉलिसी परत असाइन करून द्यावी, असेही लिहिता येते. पुनर्विवाहाबाबत, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली न्यायालय पोटगीचा आदेश बदलू किंवा रद्द करू शकते, म्हणून त्या घटनेनंतर पॉलिसीचे काय होईल हे आधीच लिहून ठेवलेले दोघांच्याही सोयीचे. मुलांसाठीचा भाग मात्र आईच्या पुनर्विवाहाशी जोडू नये, असा माझा आग्रह असतो.

कृष्णाकाठ, तुमच्या मसुद्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. असाइनमेंटचा शेरा व कंपनीची पोच ही शेवटच्या हुकूमनाम्याच्या आधी हातात पडली पाहिजे. ‘हुकूमनाम्यानंतर करून देतील’ असे लिहिले की तुम्ही पुन्हा त्यांच्या सवडीवर आलात. अटींमध्ये पॉलिसी क्रमांक, विमा रक्कम आणि हप्त्याची तारीख लिहा. ‘आपल्या विमा पॉलिसींमध्ये’ या शब्दांतून उद्या काहीही अर्थ निघू शकतो. ते ‘अट’ म्हणून न लिहिता मेहुण्यांनी न्यायालयाला दिलेली ‘हमी’ म्हणून लिहून घ्या, कारण हमी मोडणे हा अवमान ठरू शकतो. अर्ज प्रलंबित असताना पॉलिसी सरेंडर होईल अशी भीती असेल, तर कौटुंबिक न्यायालयाकडे मनाई हुकूम मागता येतो आणि त्याची प्रत कंपनीला द्यायची असते. कंपनीने असाइनमेंट नाकारलीच, तर कलम 25 मध्ये पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवण्याची तरतूद आहे, तिचा विचार करा.

हळदीकुंकू_72

विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा कायदा कोणी सांगितला नाही. त्याखाली घेतलेली पॉलिसी नवऱ्याच्या ताब्याबाहेर असते ना?

जुनीशाखा

बरोबर. कलम 6 प्रमाणे विवाहित पुरुषाने स्वतःच्या जीवनावर पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या लाभासाठी, तसे पॉलिसीवरच नमूद करून विमा घेतला, तर तो विश्वस्त निधी मानला जातो. त्यातला एकही लाभार्थी शिल्लक असेपर्यंत त्यावर ना नवऱ्याचा ताबा चालतो ना त्याच्या सावकारांचा, आणि तो त्याच्या वारसा मालमत्तेतही धरला जात नाही. पण हा पर्याय प्रस्तावाचा फॉर्म भरतानाच निवडावा लागतो. चालू पॉलिसीला तो मागाहून जोडता येत नाही आणि घटस्फोटानंतर पूर्वपत्नीसाठी अशी नवी पॉलिसी काढता येत नाही, कारण ती पत्नी नसते. मुलांसाठी मात्र वडील काढू शकतात. ज्यांच्याकडे आधीपासून अशी पॉलिसी आहे त्यांनी पत्नीचे नाव लिहिले आहे की नुसते ‘पत्नी’ असे लिहिले आहे, हे आजच काढून पाहावे.

कंपनीच्या सामूहिक विम्यावर विसंबू नका. नोकरी सुटली की तो संपतो. भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम 7 लाख आहे आणि तो निधीच्या नॉमिनीला जातो. निधीच्या योजनेत ‘कुटुंब’ या व्याख्येत घटस्फोटित पत्नी येत नाही, पण मुलगी येते. तिथे मुलीचे नाव आहे याची खात्री करून घ्या.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतील मराठी मंडळींसाठी थोडेसे. इथल्या बऱ्याच राज्यांत घटस्फोट झाला की विम्यातील पूर्वपत्नीचे किंवा पूर्वपतीचे नाव कायद्यानेच रद्द झाल्याचे मानतात. मिनेसोटातील असा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैध ठरवला. उलट नोकरीतून मिळालेल्या विम्याला केंद्रीय कायदा लागू होतो आणि तिथे फॉर्मवरचे नावच चालते, असे त्याच न्यायालयाने 2001 मध्ये ठरवले होते. म्हणून नाव ठेवायचे असो वा काढायचे, हुकूमनाम्यानंतर नवा फॉर्म भरावाच लागतो. भारतातली पॉलिसी आणि इथली पॉलिसी यांना एकच नियम लावण्याची चूक आमच्याकडे फार जण करतात.

कृष्णाकाठ

सहा आठवड्यांनी परत येत आहे. आम्ही वकिलांसमोर हा सगळा धागा छापून ठेवला आणि त्यांनी तो शांतपणे वाचला. मेहुण्यांशी बोलणी करताना पायवाट यांचा प्रतिसाद सर्वांत उपयोगी पडला. आम्ही मागणी 75 लाखांवरून 40 लाखांवर आणली आणि तो आकडा कसा आला हे वर्षावार मांडून दाखवले. ते मान्य झाले. टर्म पॉलिसीची 40 लाखांपुरती सशर्त असाइनमेंट झाली, बचतीची पॉलिसी त्यांच्याकडेच राहिली आणि निधीच्या नॉमिनेशनमध्ये मुलीचे नाव आले. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेकडे नाही, हेही कंपनीने लिहून दिले.

काल कंपनीचे नोंदणीचे पत्र आले. त्यात बहिणीचे नाव सासरच्या आडनावाने आहे, कारण पॉलिसीत पहिल्यापासून तसेच आहे. हुकूमनाम्यानंतर ती माहेरचे आडनाव लावणार आहे. दावा करायची वेळ आली तर यावरून अडचण येईल का?

जुनीशाखा

येऊ शकते, आणि ती आत्ताच मिटवता येते. नाव बदलल्याचे राजपत्र निघाले की त्याची प्रत, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, नव्या नावाचे आधार व पॅन आणि त्याच नावाच्या बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश असे सर्व जोडून कंपनीला अर्ज करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. उत्तर आले की त्यात पॉलिसी क्रमांक आणि 40 लाखांची रक्कम अंकी व अक्षरी बरोबर आहे का, हे बहिणीला स्वतः वाचायला सांगा, आणि त्या पत्राची एक प्रत तुमच्या घरीही ठेवा.